कुमारजीवाची भाषांतरसभा

इ.स. ४०३. चीनमधलं चांगआन, म्हणजे आजचं शीआन. शहराच्या उत्तरेला राजाचं उद्यान आहे, आणि तिथे पाचशेहून अधिक भिक्षू जमलेत. मधोमध बसलाय कुमारजीव, बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत आणणारा भिक्षू. हातात प्रज्ञापारमिता या बौद्ध सूत्राची मूळ पोथी. वाचतो ती पोथी आणि बोलतो चिनी. समोर राजा याओ शिंग जुनं भाषांतर घेऊन बसलाय. ओळ न् ओळ ताडून पाहतोय. शंका आली की विचारतोय. भिक्षूही विचारतात, वाद घालतात, आणि सगळ्यांना पटलं की मगच वाक्य कागदावर उतरतं.

कुमारजीवाचे वडील भारतातले, आई मध्य आशियातल्या कूचा राज्याची राजकन्या. लहानपणी आईबरोबर तो काश्मीरला आला, बंधुदत्ताकडे शिकला. त्याची कीर्ती चीनपर्यंत गेली आणि तीच त्याला भोवली. ३८४ च्या सुमारास सेनापती लू ग्वांगने कूचा जिंकून त्याला धरून नेलं. पुढची सोळा-सतरा वर्षं वायव्य चीनमधल्या लिआंगझोऊत, लू घराण्याच्या ताब्यात गेली. चिनी भाषा त्याने तिथेच आत्मसात केली, असं मानतात. ४०१ च्या अखेरीस तो चांगआनला पोहोचला, तेव्हा त्याला दुभाषाची गरज उरली नव्हती.

सद्धर्मपुंडरीक या सूत्राच्या भाषांतराच्या वेळचा एक प्रसंग त्याच्या चरित्रात आहे. २८६ सालच्या, धर्मरक्ष या आधीच्या भाषांतरकाराच्या भाषांतरात एक ओळ होती: देव माणसांना पाहतात, माणसं देवांना पाहतात. कुमारजीव म्हणाला, अर्थ मुळाप्रमाणेच आहे, पण भाषा फार ओबडधोबड वाटते. शिष्य सेंगरुईने सुचवलं: माणसं आणि देव जवळ येतात, दोघांना एकमेकांचं दर्शन होतं. गुरू खूश! शिष्याची ओळ त्याने तिथल्या तिथे स्वीकारली. मला या सभेतलं सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. एवढा विद्वान, पण शब्द कुणाचा हे त्याने पाहिलं नाही.

पडद्यावर दिसतेय ती ८६८ सालची छापील गुंडाळी, वज्रच्छेदिका या बौद्ध सूत्राची. वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडली, आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मजकूर कुमारजीवाचा. त्याआधी, सातव्या शतकात, ह्युएन त्संगने हेच सूत्र पुन्हा भाषांतरित केलं होतं, मुळाला अधिक धरून. तरी चिनी विहारांत आजही पठण होतं ते मुख्यतः कुमारजीवाच्याच भाषांतराचं.