सहा महिने कुठून मोजायचे?

(लघुमाहितीपट, निवेदनाची संहिता)

[दृश्य: विटांचं जुनं दुमजली घर. दोन कामगार बाथटब जिन्यावरून खाली आणताहेत.]

इंग्लंडमधलं हे घर. बाथरूम वरच्या मजल्यावर, आणि टबाची कड गुडघ्याहून उंच. पाय उचलत नसेल तर ती ओलांडता येत नाही. टबाच्या जागी आता सपाट जमिनीचा शॉवर होईल. खर्च काउन्सिलचा, म्हणजे स्थानिक प्रशासनाचा, डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँटमधून: अपंग व्यक्तीला वावरता यावं म्हणून घरात बदल करायला मिळणारं अनुदान.

ही ग्रँट म्हणजे मेहेरबानी नाही. १९९६च्या कायद्याने ती काउन्सिलवर बंधनकारक आहे. बदलाची गरज आहे, घरात तो करता येतो आणि अर्जदार उत्पन्नाच्या अटीत बसतो, एवढं ठरलं की 'यंदाचं बजेट संपलं' हे कारण चालत नाही.

[दृश्य: उखडलेली जमीन, उघड्या तुळया. शॉवरचा तयार ढाळ असलेला पाट बसवला जातोय.]

इथे नीट बघा. हा पाट तुळयांवर ठेवला तर उंबरा तयार होतो, म्हणून तो तुळयांच्या मधे, जमिनीच्या पातळीला उतरवतात. सगळा ढाळ जाळीकडे. ढाळ कमी पडला की पाणी दाराकडे धावतं आणि खालच्या खोलीचं छत ओलं होतं. सांडपाण्याचा पाइप तुळयांना समांतर गेला तर ठीक. आडवा न्यायचा झाला, तर तुळईला वाटेल तिथे भोक पाडता येत नाही. मग पाणी पंपाने ओढावं लागतं, खर्च वाढतो, आणि त्या वाढीव खर्चाला काउन्सिलची मंजुरी येईपर्यंत काम ठप्प. पाहणीच्या वेळीच दोन फळ्या उचलून बघितल्या असत्या तर हे टळलं असतं.

[दृश्य: भिंतीत प्लायवूड, त्यावर वॉटरप्रूफिंग. मग व्हिनाइलचे सांधे गरम करून जोडणं.]

शॉवरखाली बसायची घडीची खुर्ची भिंतीच्या पोकळ प्लास्टरबोर्डवर ठोकली तर माणसाच्या वजनाने उपटून येते. म्हणून आत प्लायवूड. जमिनीवर पाय न घसरणारं व्हिनाइल, भिंतीवर थोडं चढवलेलं, सांधे वितळवून बंद केलेले. शॉवरला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह, पाणी ४१ अंशांच्या पुढे जाणार नाही असा बांधलेला.

[दृश्य: पुढचं दार, तीन पायऱ्या, टेप लावून मोजणी.]

रॅम्पचं गणित दाराशीच कळतं. तीन पायऱ्या मिळून ४५० मिलिमीटर. एकास बारा चढ धरला तर ५.४ मीटर लांबी, एकास पंधरा धरला तर पावणेसात. शिवाय वर आणि खाली खुर्ची वळवायला सपाट जागा. पुढचं अंगण चार मीटरचं असेल तर रॅम्प वळवून घ्यावा लागतो, नाहीतर उभी लिफ्ट.

[दृश्य: टेबलावर कागद. फॉर्म, दोन एस्टिमेट, मालकीचा दाखला.]

आता कागद. तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

कायदा सांगतो की पूर्ण अर्ज आल्यापासून सहा महिन्यांत निर्णय द्यायचा. 'पूर्ण' म्हणजे सही केलेला फॉर्म, साधारणपणे दोन कंत्राटदारांची एस्टिमेट, मालकाचा किंवा भाडेकरूचा दाखला. पण त्याआधी ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे घरात कोणता बदल लागेल हे ठरवणाऱ्या तज्ज्ञाची भेट, तिची वेटिंग लिस्ट, मग शिफारस, मग पाहणी, मग पुन्हा वेटिंग लिस्ट. हा सगळा काळ सहा महिन्यांत धरला जात नाही. तोवर अर्जदाराच्या हातात फॉर्म आलेलाच नसतो, त्यामुळे काउन्सिलच्या हिशेबात उशीर शून्य. हे चूक आहे, आणि अडवायचं असेल तर इथेच अडवावं लागतं: फॉर्म लेखी मागा. अर्ज करण्यापासून काउन्सिल कुणाला रोखू शकत नाही. सरकारच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत तर पहिल्या चौकशीपासून काम पुरं होईपर्यंतची मुदत दिली आहे. तातडीचं साधं काम ५५ कामाचे दिवस, बिनतातडीचं गुंतागुंतीचं १८०. पत्रात हेच आकडे घाला.

एक सावधगिरी. मंजुरीच्या आधी काम सुरू केलं तर ग्रँट हातची जाऊ शकते. वाट बघून कंटाळलेली घरं नेमकी इथे फसतात.

[दृश्य: घराच्या मागे पाया खणलेला, नवी खोली.]

मुलासाठी खाली झोपायची खोली आणि शॉवर बांधायचा तर ३०,००० पौंड सहज ओलांडले जातात. इंग्लंडमधली कमाल मर्यादा तेवढीच, २००८पासून तीच. मुलांच्या अर्जाला आईवडिलांच्या उत्पन्नाची अट नाही, मोठ्यांना आहे. त्या मोजणीत घरकर्जाचा प्रत्यक्ष हप्ता धरत नाहीत, म्हणून पगारदार घराच्या वाट्याला हजारोंचा भार येतो. कमाल मर्यादेच्या वरची रक्कम काउन्सिल स्वतःच्या धोरणातून देऊ शकते, २००२च्या आदेशाने तशी मुभा आहे. 'आम्ही वर देतच नाही' असं सरसकट उत्तर आलं, तर लेखी धोरण मागवा.

[दृश्य: वही, एकाखाली एक तारखा.]

तक्रारीला तारखा लागतात. पहिला फोन, थेरपिस्टची भेट, शिफारस, फॉर्म मागितला तो दिवस, पूर्ण अर्ज, मंजुरी. आधी काउन्सिलच्या तक्रार विभागाकडे, मग लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ओम्बुड्समनकडे, म्हणजे काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे. फी नाही. प्रश्न कळल्यापासून साधारण बारा महिन्यांत जायला हवं. थेरपिस्टचं मत चुकलं, एवढ्यावर ओम्बुड्समन निर्णय फिरवत नाही. पायरी गाळली का, कारण दिलं का, उशीर कुणी केला, हे तो बघतो. म्हणून तक्रारही तशीच मांडा.

काही भागांत थेरपिस्ट काउंटी काउन्सिलची आणि ग्रँट जिल्हा काउन्सिलची. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. तक्रार दोघांवर एकाच वेळी करा. घर काउन्सिलचंच असेल आणि गाऱ्हाणं घरमालक म्हणून तिच्यावर असेल, तर दार वेगळं: घरमालकांविरुद्धच्या तक्रारी बघणारा हाउसिंग ओम्बुड्समन.

[दृश्य: ओल्या टॉवेलने अंग पुसणारे हात. स्वयंपाकघरात बादली.]

तोवर आंघोळ अशी.

[दृश्य: शॉवर सुरू, पाणी जाळीकडे. हातात फोन, ढाळाचा फोटो.]

काम संपल्यावर सही करण्याआधी पाणी पाच मिनिटं सोडा. दाराशी थेंब आला तर कंत्राटदाराला तिथेच दाखवा आणि फोटो काउन्सिलला पाठवा. शेवटचा हप्ता सुटण्याआधी दोष काढून घेणं सोपं जातं.