आयर्विन पुलाची रेघ

(दृश्य : कृष्णेचा काठ, पुलाच्या दगडी कमानी, खांबावरचे आकडे)

सांगलीचा आयर्विन पूल, १९२९ सालचा. पावसाळ्यात इथं पहिली चौकशी एकच असते : आयर्विनला पाणी किती फूट? उत्तर या आकड्यांवर वाचायचं. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा तिच्याही बरीच वर गेली होती.

(दृश्य : टेबलावर शाईचं चित्र, कॅमेरा जवळ जातो)

तोच पूल ए-फोर कागदावर, ०.२ मिलिमीटरच्या पेनानं काढलेला. दगडांचे सांधे, कमानीखालची तिरक्या रेघांची सावली आणि खांबावरचे आकडे, जेमतेम दोन मिलिमीटर उंच. हे चित्र टी-शर्टवर, कापडी पिशवीवर आणि कपावर उतरवायचं आहे. तिथंही हे आकडे वाचता आलेच पाहिजेत.

(दृश्य : मोबाईलवर तेच चित्र, बोटांनी मोठं केलेलं)

बहुतेक चित्रं छापखान्यात येतात ती अशी, व्हॉट्सअ‍ॅपवरून. नेहमीच्या सेटिंगवर पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल उरते. टी-शर्टवरची छपाई १२ इंच रुंद. भागाकार करा : इंचाला १३३ पिक्सेल. आकड्याच्या उंचीला येतात जेमतेम ११. शिवाय जेपीजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून माहिती गाळतं, म्हणून रेघेभोवती राखाडी कचरा साचतो. फाईलमध्ये इंचाला ७२ पिक्सेल खोडून ३०० लिहिल्यानं यातलं काहीच बदलत नाही. पिक्सेल तेवढेच राहतात.

(दृश्य : स्कॅनरचा दिवा सरकतो)

मूळ कागद हाताशी आहे, तर तो स्कॅनच करावा. काच आधी पुसायची. एक केस पडला तरी तो कमानीवर तडा म्हणून छापला जातो. फोटोला छपाईच्या मापात इंचाला ३०० पिक्सेल पुरतात. काळ्या रेघेच्या कडेला मात्र तेवढ्यात पायऱ्या दिसू शकतात, म्हणून ६००. ए-फोरची लांब बाजू मग ७०१६ पिक्सेल होते आणि दोन मिलिमीटरच्या आकड्याला ४७ मिळतात. स्कॅन ग्रेस्केलमध्ये, म्हणजे राखाडीच्या छटांत घ्यायचा, थेट काळ्या-पांढऱ्यात नको, नाहीतर फिकट पडलेली रेघ स्कॅनरच उडवून टाकतो. फाईल टिफमध्ये, म्हणजे माहिती न गाळणाऱ्या प्रकारात ठेवायची, साधारण ३५ एमबी होते. त्यानंतर लेव्हल्समध्ये, म्हणजे उजळ-गडद ठरवायच्या सोयीत, कागद पूर्ण पांढरा आणि शाई पूर्ण काळी करून घ्यायची.

(दृश्य : संगणकाचा पडदा, कोरल उघडलेलं)

चित्राखालची अक्षरं कोरलमध्ये, म्हणजे चित्र-अक्षरं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये. मराठी फॉन्ट समोरच्या संगणकात नसला की काना-मात्रा विस्कटतात. त्यामुळे अक्षरं निवडून कंट्रोल-क्यू, म्हणजे ती कर्व्ह, फॉन्ट न लागणारे नुसते आकार, होतात आणि कुठंही तशीच उघडतात. पुलाचं चित्र ट्रेस करायचा, म्हणजे पिक्सेलच्या जागी सॉफ्टवेअरकडून आखीव रेघा काढून घ्यायचा मोह होतो, पण ट्रेसमध्ये हाताच्या रेघेची जाड-बारीक चाल गुळगुळीत होऊन जाते. एआयनं मोठं केलेलं चित्रही तपासून घ्यावं. ते नसलेले दगड रचतं आणि आकडे स्वतःच्या मनानं लिहितं.

(दृश्य : फ्रेमवर इमल्शन, पॉझिटिव्ह, पाण्याचा फवारा)

आता स्क्रीन, म्हणजे फ्रेमवर ताणलेली जाळी, जिच्या उघड्या जागेतून शाई कापडावर उतरते. तिच्यावर इमल्शनचा थर असतो, तो उजेडानं कडक होतो. पॉझिटिव्हवरची, म्हणजे पारदर्शक फिल्मवर छापलेल्या चित्रातली काळी रेघ उजेड अडवते, तिच्याखालचं इमल्शन मऊ राहतं आणि पाण्यानं धुऊन निघतं. पण रेघ फारच बारीक असली तर कडेनं शिरलेला उजेड तिच्याखालचं इमल्शनही कडक करतो. ती उघडतच नाही. उलट, सावलीतल्या दोन रेघांमधली फट अरुंद असली तर तिथलं इमल्शन वाहून जातं आणि कमानीखाली नुसता काळा डाग उरतो. म्हणून कापडासाठी रेघ ०.३५ मिलिमीटरपर्यंत जाड केली आहे, सावलीतली एकआड एक रेघ काढून टाकली आहे. चित्र ज्याचं, त्याला विचारूनच.

(दृश्य : काळा टी-शर्ट, हीट प्रेस)

काळ्या शर्टावर डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून उष्णतेनं कापडावर चिकटवायची छपाई. यात रंगाच्या मागे पांढरा थर बसतो, म्हणून पार्श्वभूमी काढलेली पीएनजीच लागते. जेपीजीतला तो राखाडी कचरा राहिला, तर त्याच्याही मागे पांढरं छापलं जातं आणि शर्टभर ठिपके उठतात. माल परत येतो, भुर्दंड छापणाऱ्याला.

(दृश्य : कपांची रांग)

कपावर जागा साधारण २० बाय ९ सेंटिमीटर. अख्खा पूल बसवला तर ०.२ची रेघ ०.१३वर येते. इथं पिक्सेल कितीही असले तरी उपयोग नाही. त्यामुळे कपासाठी एकच कमान आणि तिचा आकड्यांचा खांब घेतला आहे.

(दृश्य : साध्या कागदावरचा प्रिंट, शेजारी पट्टी)

फ्रेमवर इमल्शन चढवण्याआधी साध्या कागदावर शंभर टक्के मापात एक प्रिंट काढतात. पट्टी लावून रुंदी मोजतात, हातभर अंतरावर धरून आकडे वाचतात. फाईल देताना ती पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून द्यायची आणि नावातच वस्तू आणि माप लिहायचं : आयर्विन, टी-शर्ट, रुंदी ३० सेंटिमीटर.