माणिकबागेतले राहून गेलेले ध्यानमंदिर

इंदूर पाहायला आलेला पाहुणा राजवाडा पाहतो, छत्र्या पाहतो, बकिंगहॅम पॅलेसच्या धर्तीवर घडवलेले लालबागेचे फाटक पाहतो आणि रात्री सराफ्यात खाऊन परततो. माणिकबागेकडे तो क्वचितच वळतो. तिथल्या महालात आज केंद्रीय करखात्याचे कार्यालय आहे. पण १९३०च्या दशकाच्या प्रारंभी एकार्ट मुथेसियस या तिशीही न गाठलेल्या जर्मन वास्तुकाराने महाराज यशवंतराव होळकर दुसरे आणि कागलच्या घाटगे घराण्यातल्या महाराणी संयोगिताराजे यांच्यासाठी तो घडवला, तेव्हा नक्षी, कमानी आणि घुमट यांना सरळ फाटा देणारे असे राजनिवासस्थान हिंदुस्थानात अपूर्वच होते.

महालातल्या फर्निचरविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या मते त्याहून मोलाची वास्तू ती, जी इथे उभी राहायची राहून गेली.

पॅरिसमध्ये राहणाऱ्या कॉन्स्टँटिन ब्रांकुशी या रुमानियन शिल्पकाराकडून महाराजांनी 'अवकाशातील पक्षी' या मालिकेतली तीन शिल्पे घेतली: एक झळाळत्या ब्राँझचे, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचे. पक्षी म्हणावा तर त्याला पंख नाहीत, चोचही नाही. बारीक पायथ्यापासून हलकेच फुगत जाऊन टोकाशी तिरपी छाटलेली ती नुसती झेप आहे. या शिल्पांसाठी ध्यानमंदिर बांधायचे ठरले. त्याला दारे-खिडक्या नसाव्यात, आत भुयारातून यावे, मध्ये पाण्याचे कुंड असावे आणि छतातल्या झरोक्यातून उतरणारे ऊन पक्ष्यावर पडावे, अशी कल्पना होती. अंबाबाईचा किरणोत्सव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही योजना परकी वाटू नये. फरक एवढाच की इथे कोणत्याही देवतेची प्रतिष्ठापना व्हायची नव्हती, आणि पूजाविधीचे काम प्रकाश, पाणी व घडीव दगड यांवरच सोपवलेले होते. आधुनिक वास्तुकलेने श्रद्धास्थान कसे घडवावे, याचे इतके नेमके उत्तर त्या काळात फार थोड्यांना सुचले असेल.

१९३७ मध्ये संयोगिताराजे अकाली वारल्या. त्याच हिवाळ्यात ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊन गेला, पण काम पुढे सरकले नाही. मंदिरासाठी योजलेले 'राजांचा राजा' हे ओकच्या लाकडातले शिल्प पुढे न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात गेले, दोन्ही संगमरवरी पक्षी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने विकत घेतले आणि महालातल्या फर्निचरचा लिलाव १९८० मध्ये मोनॅकोत झाला.