तुटलं की तोडलं? एका स्वराचा माग

नमस्कार. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. परत आल्यावर गावात विचारणा होते, "उचल फिटली का?" उत्तर येतं, "फेडली." आता माझ्याबरोबर मोठ्यानं म्हणा: फिट, फेड. तुट, तोड. सुट, सोड.

आपोआप घडलं की इ, उ. कुणी केलं की ए, ओ. तीन वर्षांचं लेकरूही "म्या नाही तोडलं, तुटलं" म्हणून मोकळं होतं! (ट चा ड होतो ती प्राकृतातली वेगळी गोष्ट, आज फक्त स्वर बघा.)

या इ-ए, उ-ओ बदलाला पाणिनीनं गुण म्हटलं. फिट-फेडसारखे सगळेच धातू फार जुने नाहीत, पण साचा पाणिनीच्याही कितीतरी आधीचा आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन जिच्यातून निघाल्या, त्या मूळ इंडो-युरोपीय भाषेत धातूच्या पोटात ऱ्हस्व ए असायचा. काही शब्दांत त्याचा ओ व्हायचा, काहींत तो गळून जायचा. त्याच्या शेजारी इ असली की दोन्ही मिळून पुढं संस्कृतातला ए झाला, उ असला की ओ; आणि तो गळाला की नुसती इ किंवा उ उरली. याला अपश्रुती म्हणतात. ही भाषा कुणी लिहून ठेवली नाही, तुलना करून बांधली आहे; म्हणून तिच्या रूपांआधी तारा काढतात.

धातू घ्या *मेर्. स्वर गळाला की र् च स्वराचं काम करतो: *मृतो, आपलं 'मृत'. ए टिकला ते 'मरण'. दुसऱ्याकडून घडवायचं असलं की ओ: *मोर्-एये, संस्कृत 'मारयति', आपलं 'मारणं'. तिन्ही पायऱ्या आपण रोज बोलतो.

पण संस्कृतात ऱ्हस्व ए-ओ उरलेच नाहीत, मग ते होते कशावरून? मला सगळ्यात आवडतो तो पुरावा 'चकार', म्हणजे 'केलं'. धातू कृ, द्वित्व केलं, म्हणजे पहिलं व्यंजन दोनदा म्हटलं, तर 'ककार' हवं. च कुठून आला? पहिल्या जागी ए होता. ए म्हणताना जीभ पुढं सरकते, म्हणून क चा च झाला. दुसऱ्या जागी ओ होता, तिथं क तसाच राहिला. नंतर ए चा अ झाला, ओ चा इथं आ झाला. गाडी गेली, चाकोरी राहिली.

1870 च्या दशकात युरोपातल्या अभ्यासकांना हे उमगलं. तोवर संस्कृतातला अ च मूळ मानत. ग्रीकनं सांभाळलेले ए आणि ओ त्याहून जुने निघाले, आणि साक्ष दिली संस्कृतातल्याच एका च नं.