का-बार: नाव एकाचं, घडवणारे चौघे

का-बार म्हटलं की अमेरिकन मरीन सैनिकाच्या कमरेची ती सात इंची पात्याची सुरी आठवते. अनेकांना वाटतं, ती का-बार नावाच्या कंपनीनं शोधून काढली आणि सैन्याला विकली. प्रत्यक्षात पहिली खेप आली कॅमिलस कटलरीकडून. न्यूयॉर्क राज्यातलं कॅमिलस हे गाव सिराक्यूजजवळ आहे, कारखान्याचं नावही तेच. सैन्याच्या कागदांवर सुरीचं नाव होतं १२१९सी२. का-बार हा युनियन कटलरी या दुसऱ्याच कंपनीचा व्यापारी छाप. नाव त्या छापाचंच का रुजलं, ते पुढे येईल. आधी सुरी बघू, कारण तिचा खरा इतिहास तिच्या सांध्यांमध्ये आहे.

१९४२ साली मरीनांच्या हाती काय होतं? पहिल्या महायुद्धातली १९१८ च्या नमुन्याची खंदकातली सुरी, जिच्या पितळी मुठीत बोटं अडकवायची कडी होती. मुठीचा ठोसा मारायला ती चांगली, पण हात मोकळा करून फांदी तोडायची तर कडी आड यायची. रेडर बटालियनांना, म्हणजे अचानक छापे घालणाऱ्या मरीन तुकड्यांना, मिळाली ती ब्रिटिश कमांडोंच्या सुरीवरून बेतलेली, दोन्ही बाजूंना धार असलेली निमुळती सुरी. कॅमिलसनं त्या सुमारे १४,००० बनवल्या. तिची मूठ जस्ताच्या मिश्रधातूची, पात्याच्या दांड्यावर थेट ओतलेली. भोसकण्याच्या कामाला उत्तम. पण सैनिक दिवसभरात भोसकतो किती आणि डबे, पेट्या फोडतो किती? पेटीच्या फळीत बारीक टोक घालून उचकटलं की ते मोडतं, आणि ओतीव जस्तमिश्रण जुनं झालं की ठिसूळ होऊन त्याला भेगा पडतात. म्हणून सैनिक स्वतःच्या पैशांनी शिकारी सुऱ्या विकत घेत होते. वेबस्टर मार्बल यांनी मिशिगनमधल्या ग्लॅडस्टनला शतकाच्या सुरुवातीपासून विकलेली पन्हळीच्या पात्याची, चामड्याच्या मुठीची सुरी हा त्या घराण्याचा मूळपुरुष.

कर्नल जॉन एम. डेव्हिस आणि मेजर हॉवर्ड ई. अमेरिका या दोन मरीन अधिकाऱ्यांनी कॅमिलसच्या कारागिरांबरोबर बसून नमुना ठरवला. २३ नोव्हेंबर १९४२ ला तो स्वीकारला गेला आणि जानेवारी १९४३ मध्ये पहिला माल निघाला. एवढ्या कमी वेळात हे जमलं, कारण कोणताही भाग नवा शोधायचा नव्हता. चांगल्या शिकारी सुरीला लढाईसाठी जाड, लांब आणि दुरुस्तीला सोपं करायचं होतं.

पातं १०९५ जातीच्या साध्या कार्बन पोलादाचं. त्यात कार्बन सुमारे ०.९५ टक्के, म्हणून पाणी दिल्यावर ते चांगलं कडक होतं, पण पाणी देतानाच त्याची परीक्षा असते. सुमारे ८०० अंश सेल्सियसला तापवून झटकन थंड करायचं. उशीर झाला तर पातं मऊ राहतं, थंडावा असमान झाला तर वाकतं किंवा तडकतं. तसंच सोडलं तर काचेसारखं फुटेल, म्हणून पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा काढायचा. आजच्या का-बारची कडकपणाची पातळी रॉकवेल सी मापावर ५६ ते ५८ असते. गंज मात्र या पोलादाचा जन्मजात शत्रू. त्यावर फॉस्फेटचा काळपट थर चढवला, ज्यामुळे पातं उन्हात चमकतही नाही.

पात्याच्या दोन्ही अंगांना लांब पन्हळ आहे. ती रक्त वाहून जावं म्हणून आहे, असं लोक अजूनही सांगतात, ते खरं नाही. पातं धारेच्या किंवा पाठीच्या दिशेनं वाकवलं जातं तेव्हा जास्त ताण येतो तो पाठीला आणि धारेला. मधला भाग त्या मानानं निवांत असतो. तिथलं पोलाद काढलं तर वजन कमी होतं, पण ताठपणा जेमतेम कमी होतो.

आता मूठ. पात्यामागचा अरुंद दांडा आडव्या लोखंडी पट्टीतून आरपार जातो. त्यावर मधोमध खाच पाडलेले चामड्याचे वॉशर एकावर एक चढवतात, दाबून घट्ट बसवतात, शेवटी बुडाशी पोलादी टोपी. मग घासून गोल आकार, पकडीसाठी गोल खाचा आणि वर लाखेसारखा थर. सगळी मूठ उभी आहे ती शेवटच्या टोपीच्या दाबावर. दाब सुटला की वॉशर सरकतात, मूठ गरगर फिरू लागते.

म्हणूनच टोपी बसवण्याची पद्धत बदलत गेली. सुरुवातीच्या सुऱ्यांत दांड्याच्या टोकाला आटे होते आणि वर नट. चामडं वाळून आक्रसलं की नट सैल होणारच. मग दांड्याचं टोक टोपीबाहेर काढून हातोड्यानं ठोकून पसरवू लागले. ते घट्ट, पण एकदा सैल पडलं तर पुन्हा ठोकावंच लागतं. आज का-बारमध्ये टोपीतून आडवी खीळ जाते. माझ्या मते हा सर्वांत शहाणा बदल आहे: टोपी पुढेमागे सरकायला जागाच उरत नाही.

प्रशांत महासागराच्या दमट बेटांवर चामड्याला बुरशी लागायची. हल्ली लोक उलटं करतात, मूठ तेलात भिजवतात. तेलानं चामडं मऊ पडतं, फुगतं आणि पकड कायमची ढिली होते. मेणाचा पातळ हात पुरेसा आहे. सुरी चामडी म्यानात ठेवून वर्षभर कपाटात टाकू नये, कारण कमावलेल्या चामड्यातले क्षार ओलावा धरतात आणि पात्यावर खड्डे पडतात. बाहेर काढून तेलाचा हलका हात फिरवून ठेवावी.

युद्धकाळात कॅमिलस, युनियन, रॉबेसन आणि पाल या चार कारखान्यांनी ही सुरी बनवली. त्यांत सर्वाधिक कॅमिलसच्या. नौदलानंही हाच नमुना मार्क २ म्हणून घेतला, त्यासाठी म्यान करड्या फायबरचं होतं. युनियननं आपल्या सुऱ्यांवर आडव्या पट्टीलगत का-बार हा छाप ठळक मारला. न्यूयॉर्क राज्यातल्याच ऑलियन गावची ही कंपनी तो छाप १९२० च्या दशकापासून वापरत होती. छोटा, उच्चारायला सोपा शब्द. मरीनांनी तोच उचलला आणि कॅमिलसची सुरी कमरेला असलेला सैनिकही तिला का-बारच म्हणू लागला. १९५२ मध्ये युनियननं कंपनीचंच नाव का-बार कटलरी केलं. कॅमिलसचा कारखाना २००७ मध्ये बंद पडला, तेव्हा या कामातला त्यांचा वाटा फक्त संग्राहकांच्या बोलण्यात उरला. ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

जुनी सुरी तपासायची असेल तर आधी आडव्या पट्टीलगतचा छाप वाचा. मग बुडाकडे या: नट, ठोकलेलं टोक की खीळ, यावरून काळाचा अंदाज येतो. छाप आणि बुड वेगवेगळ्या काळांतले वाटले तर मूठ कुणीतरी बदलली असण्याची शक्यता धरा. फॉस्फेटचा थर झिजलेला असला तरी पॉलिश करू नका. चकचकीत झालेल्या पात्यावर छापाच्या कडा बोथट होतात आणि मूळ थर पुन्हा आणता येत नाही.