बार्बरा थॉम्पसन: एका ओठाची दोन कामं

[दृश्य: रंगमंचावरचा स्टँड. त्यावर टेनर आणि सोप्रानो हे दोन सॅक्सोफोन, आणि फ्लूट.]

मिनिटाला १२० ठोक्यांची लय आणि चार-चार ठोक्यांचे आठ बार. हातात उरतात जेमतेम १६ सेकंद. तेवढ्यात सॅक्सोफोन स्टँडवर ठेवायचा, फ्लूट उचलायची आणि पहिलाच सूर नेमका लावायचा. हे ब्रिटिश जॅझ वादक बार्बरा थॉम्पसन यांचं रोजचं काम होतं.

जन्म १९४४, ऑक्सफर्ड. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये त्या क्लॅरिनेट, फ्लूट, पियानो आणि संगीतरचना शिकल्या. सगळं शास्त्रीय पाश्चात्त्य शिस्तीतलं. ड्यूक एलिंग्टन आणि जॉन कोल्ट्रेन कानावर पडले आणि त्या जॅझकडे, सॅक्सोफोनकडे वळल्या. न्यू जॅझ ऑर्केस्ट्रामध्ये ड्रमर जॉन हाइसमन भेटले. १९६७ मध्ये दोघांनी लग्न केलं.

[दृश्य: ओठ आणि माउथपीस, अगदी जवळून.]

सॅक्सोफोनला खालचा ओठ दातांवर दुमडून रीडखाली, म्हणजे माउथपीसवरच्या कंप पावणाऱ्या पातळ पट्टीखाली, घट्ट धरावा लागतो. फ्लूटला तोच ओठ सैल हवा, कारण तिथे रीडच नाही. आपल्या बासरीसारखी फुंक छिद्राच्या कडेवर फुटते. तासभर टेनर वाजवून लगेच फ्लूट लावली, की बधिर झालेल्या ओठातून सुराऐवजी नुसता वारा येतो. त्यातच स्टँडवर गार पडलेल्या फ्लूटचा सूर खाली उतरतो. म्हणून प्रवेशाआधी छिद्र ओठांनी झाकून, आवाज न करता नळीत गरम श्वास सोडतात. तिकडे सॅक्सोफोनची रीड वाळते आणि परतल्यावर चिरकते. बोटांची ठेवण बरीचशी सारखी, पण स्वरलिपीचा कागद वेगळा: फ्लूटवरचा सी हा सूर टेनरसाठी डी, तर आल्टो सॅक्सोफोनसाठी ए म्हणून लिहिलेला असतो.

थॉम्पसन यांच्या फ्लूटमध्ये शास्त्रीय तालमीचा स्वच्छपणा आहे आणि टेनरमध्ये कोल्ट्रेनची धग. आमच्या मते त्यांची खरी ओळख या दोन्हींत मिळून आहे. पॅराफर्नेलिया या त्यांच्या स्वतःच्या बँडमध्ये ती सगळ्यात मोकळेपणानं ऐकू येते. १९७८ च्या, संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर यांच्या ‘व्हेरिएशन्स’ या अल्बममध्येही त्यांचे सॅक्सोफोन आणि फ्लूट आहेत.

[दृश्य: कींवर फिरणारी बोटं.]

१९९७. पार्किन्सन्सचं निदान.

या आजारात मेंदूतलं डोपामिन कमी होतं. हालचाल मंदावते, हात थरथरतात, स्नायू ताठरतात. लेव्होडोपा या औषधानं बोटं सुटतात, पण ठरावीक वेळच. जेवणात प्रथिनं जास्त असली तर औषध नीट शोषलंही जात नाही. वादकाला मग गोळी, जेवण आणि कार्यक्रमाची वेळ एकमेकांशी जुळवावी लागते. फ्लूट हनुवटी आणि हातांवर तोललेली असते. हात थोडा हलला तरी छिद्र ओठापासून सरकतं आणि सूर तुटतो. सॅक्सोफोनचं वजन निदान गळ्यातला पट्टा पेलतो.

२००१ मध्ये त्यांनी रंगमंच सोडला. रचना करणं मात्र थांबवलं नाही. सॅक्सोफोन चौकडीसाठी त्यांनी लिहिलं. मग कलोसियम या बँडचे सॅक्सोफोनवादक डिक हेकस्टॉल-स्मिथ आजारी पडले आणि त्यांच्या जागी थॉम्पसन पुन्हा उभ्या राहिल्या.

[दृश्य: लंडन, शेपर्ड्स बुश एम्पायर.]

२८ फेब्रुवारी २०१५. कलोसियमचा निरोपाचा कार्यक्रम. ड्रमवर हाइसमन, सॅक्सोफोनवर थॉम्पसन. निदानाला अठरा वर्षं होत आली होती.