वडील तेच, मुलगा दुसरा

श्रोतेहो, नमस्कार. एका भाषेत गाजलेला चित्रपट दुसऱ्या भाषेत नव्याने करताना सहसा कथा तेवढी उचलली जाते आणि नटसंच त्या भाषेच्या प्रेक्षकांना ओळखीचा असा निवडला जातो. २००८ साली प्रदर्शित झालेल्या 'संतोष सुब्रमण्यम' या तमिळ चित्रपटाने मात्र निराळी वाट धरली. मूळ तेलुगू चित्रपट 'बोम्मरिल्लु' २००६ सालचा. दिग्दर्शक भास्कर यांचा तो पहिलाच चित्रपट. तमिळमध्ये दिग्दर्शक मोहन राजा यांनी नायक सिद्धार्थच्या जागी आपला धाकटा भाऊ 'जयम' रवी याला घेतले. पण नायिका जेनेलिया, वडिलांच्या भूमिकेतले प्रकाश राज आणि संगीतकार देवी श्री प्रसाद हे तिघे जिथल्या तिथे ठेवले.

माझ्या मते यातली सर्वांत शहाणपणाची निवड प्रकाश राज यांची आहे. वरवर पाहता ही एका श्रीमंत घरातल्या मुलाची प्रेमकथा वाटते. परंतु कथेचा सारा भार पेलतो तो बाप, आणि हा बाप खलनायक नाही, ही यातली खरी अडचण. मुलाचे कपडे तो निवडतो, मुलाने आपल्याच बांधकाम व्यवसायात यावे हे तो ठरवतो, आणि लग्नही त्याच्याच पसंतीने जमते. हे सारे तो जुलूम म्हणून नव्हे, तर निखळ मायेपोटी करतो, त्यामुळे मुलाला भांडायलाही जागा उरत नाही. घरात प्रत्येक गोष्टीला मान डोलावणारा हा संतोष बाहेर मित्रांसोबत प्यायला बसला, की त्याच वडिलांच्या नावाने खडे फोडतो. प्रकाश राज ही भूमिका आवाज न चढवता करतात, म्हणूनच त्या घरातली माणसे दबून का वागतात हे पटते.

अशा घरात संतोषला आवडलेली हासिनी, म्हणजे जेनेलिया, येते. डोक्यावर डोके एकदाच आपटले तर शिंगे फुटतात, म्हणून पुन्हा एकदा आपटून घेणारी, मनात येईल ते बोलून मोकळी होणारी ही मुलगी. सून म्हणून तिची पारख व्हावी यासाठी तिला आठवडाभर घरी ठेवून घेतले जाते. तिथे तिचे प्रत्येक वागणे तोलले जाते; संतोषही तिला सावरून घेण्याऐवजी दटावू लागतो, आणि आपल्याला आवडलेला मुलगा हा नव्हेच, हे तिच्या ध्यानात येते. ती निघून जाते. त्यानंतर मुलगा वडिलांसमोर प्रथमच तोंड उघडतो आणि लहानपणापासून धरलेला हात तुम्ही अजून सोडलेला नाही, असे त्यांना सांगतो. हा प्रसंग भाषणबाजीच्या अगदी काठावर आहे. तो तोल सांभाळतो तो समोर उभे राहून निमूट ऐकणाऱ्या प्रकाश राज यांच्या चेहऱ्यामुळे. घरातल्या इतरांनीही आपापल्या इच्छा गिळल्या होत्या, हे त्या बापाला तेव्हा कळते.

मराठी श्रोत्यांना हासिनीच्या वडिलांची ओळख करून द्यायला नको. तमिळ चित्रपटात ती भूमिका आपल्या साताऱ्याकडच्या सयाजी शिंदे यांनी केली आहे. २००० सालच्या 'भारती' चित्रपटात कवी सुब्रमण्य भारती साकारणाऱ्या या नटाला तमिळ प्रेक्षक केव्हाच आपला मानू लागले होते. शेवटी याच माणसाच्या दारी श्रीमंत बापाला रदबदली करायला जावे लागते. मुलीने आठवडाभर आमच्या घरी राहून पाहिले, आता माझा मुलगा तुमच्या घरी राहील, हा त्याने सुचविलेला तोडगा मला मोठ्या संवादापेक्षाही अधिक मोलाचा वाटतो.

हीच कथा हिंदीतही झाली. तिथेही जेनेलियाच होती, आणि वडील होते नाना पाटेकर. अनीस बझ्मी यांचा तो चित्रपट वर्षानुवर्षे रखडून २०२० साली थेट दूरचित्रवाणीवर आला. नाना दिसले, की प्रेक्षक भडका उडण्याची वाट पाहू लागतो, आणि या भूमिकेला नेमके तेच परवडत नाही. जेनेलियाने पुढे २०२२ साली 'वेड'मधून मराठीत नायिका म्हणून पदार्पण केले, तेही 'मजिली' या तेलुगू चित्रपटाच्याच पुनर्निर्मितीतून.

दोन्ही आवृत्त्या पाहणार असाल, तर तेलुगू आधी पाहा. सिद्धार्थचा आवाज एकदा कानात बसला, की तमिळमधले 'अडडा अडडा' हे गाणे पडद्यावर रवीच्या तोंडी असले, तरी ते गायले आहे मूळ नायकाने, हे तुमचे तुम्हालाच ओळखता येईल. नमस्कार.